आधी पाणी, मग मासे

आपल्याकडे माशांचं कौतुक ताटात जास्त. रायगडच्या माणसाला मासा कुठला, ताजा की शिळा, भाजीवाला की आमटीवाला, हे सांगावं लागत नाही. पण अलीकडे मासे पाळण्याची हौसही चांगलीच रुजली आहे. पेणला जा किंवा रोह्याला, दहा घरं फिरलात तर एखाद्या घरी टीव्हीच्या शेजारी काचेची टाकी आणि तिच्यात फिरणारे चार रंगीत मासे दिसतातच. मी पेणला गेली वीस-बावीस वर्षं मासे पाळतो. रोह्याला माझी बहीण राहते, तिच्याकडेही एक टाकी आहे. त्यामुळे नवी टाकी घेणारे ओळखीचे लोक हमखास विचारायला येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : 'मासे मरतात का हो?'

कहाणीही ठरलेली. रविवारी मुलांना घेऊन दुकानात जायचं. टाकी, मोटर, रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडं आणि पिशवीत पंधरा मासे घेऊन यायचं. संध्याकाळी टाकी लावायची, पाणी भरायचं आणि रात्री मासे सोडायचे. दोन दिवस घरात आनंदीआनंद. चौथ्या दिवशी एक मासा उलटा तरंगतो, आठव्या दिवसापर्यंत निम्मे जातात. मुलं हिरमुसतात, दुकानदाराला दोष दिला जातो आणि घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणतं, 'आपल्याला मासे लाभत नाहीत.'

लाभण्या-न लाभण्याचा यात काही संबंध नाही. मासा पाण्यात राहतो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच उत्सर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत हा अमोनिया वाहून जातो, विरळ होतो. टाकीत तो साठत राहतो. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ, पण माशाचे कल्ले आतून पोळत असतात.

निसर्गाने यावर उपाय करून ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, माशाच्या रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते कमी करतं. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोड्या प्रमाणात माशांना सोसतं, झाडांना तर ते खत म्हणूनच लागतं. नव्या टाकीत मात्र हे जिवाणू जवळजवळ नसतातच. ते वाळूवर, काचेवर आणि मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

पेणच्या माणसाला हा धीर शिकवायला नको. शाडूची मूर्ती साच्यातून निघाली की लगेच कुणी तिला रंग लावत नाही. आधी ती वाळू देतात. टाकीचंही तसंच आहे. माशांशिवाय टाकी महिनाभर चालू ठेवायची. अशा टाकीत दिवसाआड चिमूटभर खाद्य टाकत राहायचं. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खाऊ मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट मोजायच्या थेंबांच्या बाटल्या मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. पाण्याच्या नमुन्यात थेंब टाकायचे आणि आलेला रंग सोबतच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार झाली. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. दह्याला विरजण लावतात तसंच हे. काम निम्म्या वेळात होतं.

आता टाकीविषयी. 'सुरुवात लहान टाकीने करू' असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात लहान टाकी सांभाळणं अवघड असतं, कारण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. काचेचा गोल बाउल तर आणूच नये. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घ्यावी. तिच्यात काठोकाठ सुमारे ५७ लिटर पाणी मावतं. म्हणजे ५७ किलो वजन नुसत्या पाण्याचं, वर काच आणि वाळू. तेव्हा ती टीपॉयवर किंवा टीव्हीच्या नाजूक स्टँडवर ठेवू नये. मजबूत, सपाट टेबल हवं आणि टाकीखाली थर्माकोलचा तक्ता. जागा खिडकीपासून दूर असावी, थेट ऊन पडलं की पाणी हिरवं होतं. विजेची वायर सॉकेटकडे नेताना मध्ये खाली झोल द्यावा. वायरवरून ओघळणारं पाणी झोलाशी खाली टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

तळाला दीड-दोन इंच जाड वाळू किंवा बारीक खडी पुरे. पाणी गढूळ येईनासं होईपर्यंत ती धुवायची. रेवदंड्याच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावरून आणलेले शंख-शिंपले टाकीत शोभेला घालू नयेत, त्यातला चुना हळूहळू पाण्यात उतरतो. दगडाची शंका असेल तर त्यावर थोडं व्हिनेगर टाकून पाहावं. बुडबुडे आले तर तो दगड बाहेरच बरा. फिल्टर साधा, हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा असला तरी भागतं. आपल्याकडच्या हवेत बहुतेक घरांत हीटर लागत नाही. पाणी २४ ते २८ अंशांच्या दरम्यान असलं की या माशांना मानवतं.

पाणी कुठलं, हे मात्र पाहावं लागतं. माझ्याकडे नळाचं पाणी. ते पिण्यासाठी शुद्ध केलेलं, म्हणजे त्यात क्लोरिन असतो. पावसाळ्यात तर ब्लीचिंग पावडरचा वास आपल्यालाही येतो. हा क्लोरिन माशांचे कल्लेही जाळतो आणि महिनाभर जपलेले जिवाणूही मारतो. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवावं, नाहीतर दुकानात मिळणारं क्लोरिन मारणारं औषध थेंबाच्या हिशेबाने घालावं. रोह्याला बहिणीकडे बोअरचं पाणी. त्यात क्लोरिन नाही, पण ते जड आहे. पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणतात ते, साबणाला फेस न येणारं. अशा पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी छान राहतात. निऑन टेट्रासारखे मऊ पाण्यातले मासे कष्टी होतात. म्हणून पेणच्या घरातली यादी रोह्याच्या घरात जशीच्या तशी चालेलच असं नाही. आधी आपलं पाणी ओळखायचं, मग त्याला साजेसे मासे निवडायचे.

वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र नांदवायचे, तर स्वभाव जुळायला हवेत. झेब्रा मासा सुरुवातीला उत्तम. तो मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालतं आणि २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. असा हा नामांकित मासा आपल्या टाकीत काटकपणे राहतो. तो थव्याने राहणारा आहे, म्हणून सहा तरी आणावेत. सोबत गप्पींचे चार-पाच नर. मादी आणलीत तर तीन महिन्यांत पिल्लं कुठे ठेवायची हा प्रश्न पडेल. दोन फुटी टाकीला दहा-बारा लहान मासे पुरे. तेही एकदम न आणता आठवड्याला तीन-चार असे आणावेत. टायगर बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. एंजल मोठा झाला की छोट्या निऑनचा घास करतो. फायटरचे दोन नर एकत्र ठेवू नयेत. गोल्डफिशला थंड आणि भरपूर पाणी लागतं, तो या मंडळींत बसत नाही. ऑस्कर तर दोन फुटी टाकीचा मासाच नव्हे.

मासे आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे तापमान सारखं होतं. मग टाकीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घालत जायचं आणि शेवटी जाळीने फक्त मासे टाकीत सोडायचे. खाद्य दिवसातून एकदा-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आपण संकष्टीला उपास करतो, माशांनाही आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर बरंच. घरात पाहुणे आले की प्रत्येक जण कौतुकाने चिमूट टाकतो, तिथे मात्र यजमानाने थोडं कठोर व्हावं.

दर आठवड्याला टाकीतलं पाव हिस्सा पाणी काढून तेवढंच तयार पाणी घालायचं. नुसती उडून गेलेल्या पाण्याची भर घालून चालत नाही. पाणी उडतं, त्यातले क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-तीनदा पिळायचा. महिन्यातून एकदा सगळी टाकी उपसून घासूनपुसून लख्ख करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची चिकाटी मोठी, पण प्रत्येक वेळी ते जिवाणूंची वस्ती उठवतात आणि माशांना पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन सोडतात.

कोकणात आणखी एका गोष्टीची तयारी हवी, ती म्हणजे वीज जाण्याची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला धडकलं. रोह्याला बहिणीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तिने माशांचं खाणं बंद केलं. दर दोन-तीन तासांनी तांब्याने टाकीतलं पाणी घ्यायचं आणि वितभर उंचीवरून पुन्हा टाकीतच ओतायचं, असा क्रम लावला. पाणी खळबळलं की हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो. घरातली माणसं आळीपाळीने हे करत होती. सगळे मासे वाचले. याचं श्रेय तांब्याला जितकं, तितकंच टाकीत गर्दी नव्हती याला. ठासून भरलेल्या टाकीत एक रात्रही काढणं कठीण गेलं असतं. हल्ली बॅटरीवरचे छोटे हवेचे पंप मिळतात, एक घेऊन ठेवावा.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हौस फिटली, बदली झाली किंवा मासा टाकीत मावेनासा झाला, तर त्याचं काय करायचं? पुष्कळ जण भल्या मनाने तो नदीत किंवा तळ्यात सोडतात. जीव मारण्यापेक्षा सोडलेला बरा, ही भावना चांगली, पण परिणाम वाईट होतो. 'काच साफ करणारा' म्हणून विकला जाणारा सकर मासा घ्या. दुकानात तो दोन इंचांचा असतो, वाढून फुटापेक्षा मोठा होतो. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. अंगावर कवचासारखे कडक खवले, त्यामुळे त्याला खाणारे थोडे. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी हवा गिळून जगतो आणि काठात बिळं करून अंडी घालतो. बंगाल आणि आंध्रातल्या पाणवठ्यांत तो पसरला आहे, आपल्या उजनी धरणातही सापडला आहे. जाळ्यात तो आला की जाळी फाटते, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

आपल्याकडे तर पाणी कुठे अडून राहत नाही. पहिल्या मोठ्या पावसात वलगणीचे मासे नदी-ओढ्यांतून शेतापर्यंत चढतात, हे इथल्या शेतकऱ्याला आणि आदिवासी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते अंडी घालायला चढतात, त्यांची पिल्लं भातखाचरांत वाढतात. ज्या वाटेने ते चढतात, त्याच वाटेने एखाद्या तळ्यात सोडलेला परका मासाही चढू शकतो. तळं भरून वाहिलं की तो ओढ्यात, ओढ्यातून भोगावतीत नाहीतर कुंडलिकेत. तिथून त्याला परत आणणं कुणाच्या हातात नाही. टाकीतल्या पाणवनस्पतींचंही तेच, त्याही गटारात टाकू नयेत, उन्हात वाळवून मगच फेकाव्यात.

गणपतीचं विसर्जन असतं, माशांचं नसतं. नको झालेले मासे दुकानदाराला परत द्यावेत, दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत, किंवा एखाद्या शाळेला टाकीसकट द्यावेत. आणि नवी टाकी घेणार असाल तर या रविवारी फक्त टाकी, वाळू आणि फिल्टर आणा. मुलांना वहीत तारीख लिहून ठेवायला सांगा, दर दोन दिवसांनी पाण्याची परीक्षा करून आकडा मांडायला सांगा. माशांची खरेदी महिन्यानंतर. तोवर मुलांना न दिसणाऱ्या जिवांचं काम समजलेलं असेल, आणि मासे आले की ते राहतील.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)