कोणती सुरत, कोणते पिंपळनेर?

सुरतेहून जळगावकडे निघालेली पॅसेंजर गाडी उधना सोडते, नियोल मागे टाकते आणि थोड्याच वेळात चलथाणच्या फलाटाला लागते. ताप्तीच्या खोऱ्यातून जाणारा हा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला गेला. तेव्हापासून खानदेश आणि सुरत यांचे जाणे-येणे प्रामुख्याने त्याच्यावरूनच चालत आले आहे. चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे, आणि जवळच कडोदरा-पलसाण्याकडे कापडाच्या गिरण्या आहेत. गळिताच्या हंगामात येथे उतरावे तर नाकात मळीचा वास शिरतो आणि कानांवर गुजराती-हिंदीच्या जोडीने अहिराणीही पडते. आपल्या बडोदेकरांना हा मुलूख अगदीच परका नव्हे. पलसाणे हा एके काळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला भाग होता.

तेथल्या बाकावर एका हंगामात एक वृद्ध बाई भेटल्या. गाठोडे पायाशी, डोक्यावर पदर, नजर नंदुरबारच्या दिशेने. गाडीला उशीर होता; तेव्हा बोलणे निघालेच.

"मावशी, गाव कोणतं तुमचं?"

"पिंपळनेर."

"कोणतं पिंपळनेर?"

"आता कोणतं म्हणजे? पिंपळनेर एकच तर आहे, भाऊ!"

मी म्हणालो, एक साक्री तालुक्यात आहे, ते तुमचे असेल. एक सोलापूरकडे माढा तालुक्यात आहे, आणि एक बीडकडेही आहे. बाई क्षणभर हसल्या. मग एकाएकी गंभीर झाल्या. "म्हणजे आमच्या पैशांनी वाट चुकली, ती उगीच नाही," त्या म्हणाल्या.

हकीकत जुनी होती. त्यांचे यजमान ऊसतोडीला पहिल्यांदा या बाजूला आले, तेव्हा बाई दोन लेकरांना घेऊन गावीच राहिल्या होत्या. यजमानांनी पहिल्या उचलीतून मनिऑर्डर केली. पत्ता लिहून देणाऱ्या माणसाने नाव लिहिले आणि पुढे नुसते 'पिंपळनेर, महाराष्ट्र' असे घातले. पैसे निघाले ते भलत्याच पिंपळनेरला गेले, तिथून परत फिरले आणि सव्वा महिन्याने हाती पडले. तेवढ्यात घरातले धान्य संपले. दुकानदाराने थोडे दिवस उधार दिले, मग हात आखडला. शेवटी दारची बकरी विकावी लागली.

"पैसे आले, पण बकरी विकली ती विकलीच," बाई म्हणाल्या.

एकाच नावाची दोन गावे असणे ही गंमतीची गोष्ट म्हणून आपण सांगतो. ती केव्हा केव्हा एवढी महाग पडते, हे त्या बाकावर मला प्रथम कळले.

आपल्या लोकांना हा घोटाळा नवा नाही, आणि त्यावरचे उपायही जुनेच आहेत. एका गावातून दुसरे फुटले की एक बुद्रुक आणि एक खुर्द. बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, थोरले. खुर्द म्हणजे धाकटे. वडगावांची तर गणती नाही. म्हणून एक वडगाव मावळ आणि एक वडगाव निंबाळकर. पिंपळगावांचेही तसेच; एकाला बसवंत जोडला, दुसऱ्याला हरेश्वर. माणसाला जसे आडनाव, तसे हे गावाचे आडनाव. गुजरातेत तोच प्रकार. सुरत जिल्ह्यात मांडवी, मांगरोळ आणि महुवा ही तीन गावे आहेत. तिकडे कच्छात मांडवी, जुनागडकडे मांगरोळ आणि भावनगरकडे महुवा आहेच. पिलाजीराव गायकवाडांनी जेथे आपले पहिले ठाणे केले ते सोनगढ याच ताप्ती मार्गावर आहे. पण भावनगरजवळही एक सोनगढ आहे. इकडच्या स्टेशनाच्या पाटीवर 'उकाई सोनगढ' असते, त्यामुळे निदान तिकीट काढणाऱ्याची फसगत होत नाही.

पत्रांच्या बाबतीत हा गोंधळ मिटवण्याचे मोठे काम एका मराठी माणसाने केले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि त्याबरोबरच संस्कृतचे नामांकित कवी. देशभर सारख्या नावांची गावे, पत्ते दहा भाषांत आणि तऱ्हेतऱ्हेच्या अक्षरांत लिहिलेले. अशा पत्रांची वाटणी करताना टपाल कारकुनाने काय करावे? त्यावर त्यांच्या योजनेतून सहा आकडी पिनकोड आला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग दाखवतो, दुसरा उपविभाग, तिसरा वाटणीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे टपालघर. चलथाणचा आकडा ३९४ ने सुरू होतो. गाडी नवापूरला महाराष्ट्राच्या हद्दीत शिरली की पहिला तिनाचा आकडा जाऊन चाराचा येतो. धुळ्याकडच्या पिंपळनेरला ४२४, सोलापूरकडच्याला ४१३, बीडकडच्याला ४३१. शब्दांच्या खेळात रमणाऱ्या कवीने गावांना शब्दांऐवजी आकडे द्यावेत, यात एक मौज आहे. पण त्या आकड्यांनी किती घरांच्या बकऱ्या वाचल्या असतील!

देशाच्या आत ही कथा. देशाबाहेर तर ती अधिक रंगते. चलथाणहून हाकेच्या अंतरावर जी सुरत आहे ती मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक. १६६४ आणि १६७० या दोन सालांशी तिचे नाव आपल्या मनात कायमचे जोडलेले आहे. पण जगाच्या नकाशावर ती एकटी नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात बलोन नदीच्या काठी एक सुरत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती वसली आणि आपल्या सुरतेवरूनच तिला नाव पडले. लोकवस्ती काही शेकड्यांची. आपली सुरत जहाजांसाठी गाजली, तर ती सुरत घोड्यांसाठी. ऑस्ट्रेलियाच्या प्रसिद्ध कॉब आणि कंपनीची अखेरची घोडागाडी १४ ऑगस्ट १९२४ रोजी सुरत आणि युलेबा या दोन गावांच्या दरम्यान धावली. त्यानंतर मोटारींचे राज्य आले. तो नदीकाठ त्यापूर्वी निनावी होता असे मात्र समजू नये. मांडंडंजी नावाचे मूळ लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांनी आपल्या नदीला आणि पाणवठ्यांना नावे ठेवलेली होती. नकाशावर उमटले ते मात्र साहेबाने दिलेले नाव.

तिसरी सुरत मध्य फ्रान्समध्ये, प्युय-द-दोम विभागात आहे. लहानसे खेडे. तिचा ना ताप्तीशी संबंध, ना जरीशी. फ्रेंच लोक शेवटचा 'त' उच्चारतही नाहीत. रोमन लिपीत दोन्ही नावांची अक्षरे तीच पडली, एवढाच काय तो योगायोग. रस्त्यात आपल्याच नावाचा परका माणूस भेटावा, तसे.

आपल्या बडोद्याचीही गत तीच. मध्य प्रदेशात श्योपूरकडे एक बडोदा आहे, हरियाणात सोनीपत जिल्ह्यात एक आहे. आणि अमेरिकेत मिशिगन राज्यातही एक बडोदा नांदते आहे. १८९० च्या सुमारास ते गाव वसले, तेव्हा भोवतालच्या फळबागांवरून त्याला 'पोमोना' म्हणावे असा विचार होता. पण त्या राज्यात पोमोना नावाचे गाव आधीच होते! तेव्हा घोटाळा टाळण्यासाठी हिंदुस्थानातील बडोद्याचे नाव उचलले गेले. पुढे १९७४ साली आपल्या शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले. मिशिगनमधल्या हजाराच्या आतबाहेर वस्तीच्या त्या गावाने मात्र जुने नाव तसेच जपून ठेवले आहे.

मुंबईच्या नावाचे प्रवास तर सर्वांहून विलक्षण. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीजवळ, १८३३ साली बॉम्बे नावाचे गाव स्थापन झाले. मायकेल होगन नावाच्या जमीनदाराच्या पत्नीचा मुंबईशी संबंध होता, म्हणून हे नाव पडले असे तेथे सांगतात. बायकोच्या माहेरचे नाव गावाला देणारा नवरा आपल्याकडे तरी विरळाच! उलट कॅनडातल्या ओंटारिओमधील लखनौला नाव मिळाले ते प्रेमातून नव्हे, युद्धातून. १८५७ च्या लखनौच्या वेढ्याची ती आठवण; तेथल्या रस्त्यांनाही त्या युद्धातल्या इंग्रज सेनापतींची नावे आहेत. एकाच उठावाची आठवण आपण एका भावनेने ठेवतो, ते गाव दुसऱ्या भावनेने वसले.

आणि न्यूझीलंडमधले बॉम्बे? ते ना माहेरावरून, ना लढाईवरून. 'बॉम्बे' नावाचे एक जहाज १८६३ साली वसाहतवाल्यांना घेऊन ऑकलंडला लागले. त्यातले काही लोक शहराच्या दक्षिणेस जेथे स्थायिक झाले, त्या जागेला जहाजाचेच नाव पडले. आज त्या टेकड्या म्हणजे ऑकलंडची जणू वेसच मानली जाते. माती ज्वालामुखीची, तांबूस. कांदे-बटाटे उत्तम पिकतात. शेजारीच पुकेकोहे हे गाव आहे.

येथे आपल्या चलथाणच्या मुलखाचा धागा पुन्हा हाती लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून न्यूझीलंडला गेलेल्या हिंदी लोकांत सुरत-नवसारीच्या बाजूच्या शेतकरी कुटुंबांचा भरणा मोठा होता. त्यातले काही जण पुकेकोहेच्या मळ्यांत भाजी पिकवू लागले. ते कष्टाळू होते, आणि हेच तेथल्या गोऱ्या बागाईतदारांना सलू लागले. १९२० साली बाहेरच्यांच्या प्रवेशावर परवान्याचा कायदा आलाच होता. १९२६ साली पुकेकोहे येथे 'व्हाइट न्यूझीलंड लीग' ही संस्था निघाली. चिनी आणि हिंदी शेतकऱ्यांना जमीन मिळू नये, त्यांनी पाय रोवू नये, हा तिचा उद्देश. त्याच वर्षी तेथल्या हिंदी मंडळींनीही एकत्र येऊन आपली मध्यवर्ती संघटना उभी केली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज त्या देशाचे नागरिक आहेत.

ज्या टेकडीला 'बॉम्बे' म्हणायला कोणाची हरकत नव्हती, तिच्या पायथ्याशी मुंबई इलाख्यातला माणूस मात्र नकोसा झाला. नाव जहाजात बसून येते, त्याला परवाना लागत नाही. माणसाला लागतो.

म्हणून वाटते की, परदेशातल्या या नावांचे कौतुक करताना आपल्या दाराशीही एकदा पाहावे. दिवाळीच्या सुमारास धुळे-नंदुरबारकडून आणि डांगातून ऊसतोडीची माणसे दक्षिण गुजरातेत उतरतात. मुकादमाशी करार असतो तो 'कोयत्या'चा; कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. शेताच्या कडेला पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या झोपड्यांचे पडाव पडतात. पाऊस येण्यापूर्वी ते उठतात, पुढच्या साली पुन्हा पडतात. कित्येक लेकरांचे निम्मे बालपण अशा पडावांत जाते. पण पडावाला नाव नसते. शाळेत मास्तरांनी "गाव कोणते?" विचारले, तर त्या लेकराने काय सांगावे? जेथे ते सहा महिने राहते त्या जागेला नाव नाही. आणि ज्या गावाला नाव आहे तेथे ते वर्षाचे निम्मे दिवस नसते. क्वीन्सलँडातल्या चारशे-पाचशे माणसांना नकाशावर एक अख्खी सुरत मिळाली. खऱ्या सुरतेच्या उशाशी ऊस तोडणाऱ्यांना साधी पाटी नाही.

असो. गाडीची घंटा झाली. बाईंनी गाठोडे उचलले. त्याला एक पुठ्ठा शिवलेला होता. नातीच्या अक्षरात त्यावर गाव, तालुका, जिल्हा आणि सहा आकडे लिहिलेले. एकदा ठेच लागलेले घर होते ते. डब्यात चढता चढता त्या मागे वळल्या.

"भाऊ, ते दुसरं पिंपळनेर पाहिलंय का हो तुम्ही?"

मी नाही म्हणालो.

"मी पण नाही. पण तिथली माणसं चांगली असतील. आमच्या नावाचे पैसे त्यांच्या गावात आले, तरी कोणी घेतले नाहीत. परत पाठवले."

गाडी बारडोलीच्या दिशेने निघून गेली. इतकी वर्षे त्या बकरीची चुटपुट बाईंच्या मनात होती. आणि तिच्या शेजारीच, कधीही न पाहिलेल्या एका गावाविषयी एवढी कृतज्ञता.