दोष सुनेचा नाही, ग्रहणाचाही नाही

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत, खामगावात, एक बाळ जन्माला आलं. पाठीवर कण्याच्या जागी मऊ फुगवटा. आतले मणके सांधलेलेच नव्हते. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ‘स्पायना बायफिडा’. ऑपरेशन वेळेवर झालं, पण पायांत जोर कमीच राहिला. बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायकांतली एक आजीबाई म्हणाली, “गरणात इळी हाती धरली असन, माय!” दुसरीनं सुनेच्या माहेरचं रक्त काढलं. ती पोर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. घरी आले, पण ते चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. मग पुस्तकं काढली, ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. जे समजलं ते तुम्हाला सांगते.

जात्याचंच उदाहरण घेऊ. जातं भक्कम आहे, दाणेही निवडून ठेवलेत, पण खुंटाच नसेल तर दळण कसं व्हायचं? आपल्या शरीरात हजारो एन्झाइम्स अशी जात्यासारखी राबत असतात आणि त्यांतल्या पुष्कळांना खुंट्यासारखा एक मदतनीस लागतो. शास्त्रात त्याला सहघटक म्हणतात. पालेभाजीतलं फोलेट हे अशाच एका खुंट्याचं लाकूड. पण नुसतं लाकूड आणून भागत नाही, ते तासून घ्यावं लागतं. त्यातलं एक महत्त्वाचं तासकाम करणारा सुतार कसा घडवायचा, हे ज्या जनुकात लिहिलेलं असतं त्याचं नाव एमटीएचएफआर. आपल्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर त्याची जागा आहे. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून.

१९९५ साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की बऱ्याच लोकांच्या या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. दोन्ही प्रती तशाच आल्या, तर सुताराचा हात मंद चालतो. आईत असं असलं तर बाळाच्या कण्यात दोष राहण्याचा धोका थोडा वाढतो, आणि बाळात स्वतःत असलं तरीही वाढतो. आता बाळाची अर्धी शिदोरी तर बापाकडची! मग एकट्या सुनेलाच का बोल लावायचा? शिवाय असं जनुक असलेल्या बहुतेक बायकांची मुलं चांगली धडधाकट असतात, आणि दर वेळी नेमकं कारण सापडतंच असंही नाही. म्हणून या जनुकाच्या महागड्या तपासणीमागे धावायचं सहसा कारण नाही. सुतार मंद असला तरी लाकूड पुरेसं पुरवलं की काम निभावतं.

या लाकडाचा शोध लागला तो आपल्या मुंबईत, बरं का! १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई इथे आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना भयंकर पंडुरोग होई. नुसत्या लोहानं न सुधारणारा तो पंडुरोग यीस्टच्या अर्कानं, म्हणजे ‘मार्माइट’नं, बरा होतो असं त्यांनी १९३१ साली जगापुढे मांडलं. पुढे १९४१ मध्ये ते द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. ते कारखान्यात बनवण्याची रीत अमेरिकेत ज्यांच्या हाताखाली तयार झाली, ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे.

१९९१ साली ब्रिटनमधून एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. आधी असं बाळ झालेल्या बायकांना पुढच्या खेपेस, दिवस राहण्याच्या आधीपासून, रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिलं, तर हा दोष ७२ टक्क्यांनी टळला.

‘आधीपासून’ हा शब्द मात्र पदराला गाठ मारून ठेवा. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. आपण पाळी चुकली की काय, याची बोटं मोजत असतो तोवर ते काम संपलेलंही असतं! सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते. ती रक्तासाठी हवीच, पण कण्यासाठी तोवर उशीर झालेला असतो. म्हणून मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम, फोलिक ॲसिड घ्यावं. दुकानातल्या गोळ्या पुष्कळदा ५ मिलिग्रॅमच्या असतात, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच घ्या. आधी असं बाळ झालं असेल, मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर मात्रा डॉक्टरच ठरवतील.

आणखी एक. फोलेटच्या जोडीला बी-१२ नसेल तर जातं अडतंच. आपल्याकडे शेगाव जवळ, घरोघरी माळकरी. अंडं-मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि बी-१२ तर भाजीपाल्यात नसतंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी निघालं. ज्यांच्यात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली. शिवाय नुसत्या फोलिक ॲसिडनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-१२अभावी नसांची हानी आत चालूच राहते. तेव्हा हातापायांना मुंग्या येत असतील, फार थकवा वाटत असेल, तर बी-१२ तपासून घ्या. सुनेच्या वाट्याला रोज दूध-दही येतं का, तेही पाहा. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं पातळ ताक म्हणजे दही नव्हे!

स्वयंपाकघरातही थोडं बदलू या. भाजी आधी धुवा, मग चिरा. पालक, मेथी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, बेताचीच शिजवा. आंबाडी उकडून पाणी पिळून टाकतो, त्याबरोबर फोलेटही मोरीत जातं. म्हणून आंबाडीच्या दिवशी जोडीला मेथीचा घोळाणा करा. चवळी, हरभरा, मूग यांतही फोलेट चांगलं असतं. पण भाजी आहे म्हणून गोळी टाळू नका.

आमच्या गल्लीतली ती सून आता दुसऱ्या बाळाचा विचार करते आहे. डॉक्टरांनी मोठी मात्रा लिहून दिली आहे आणि रात्री आठवणीनं गोळी पुढे करते ती तिची सासू. लेकीच्या रुखवतात आपण लोणच्याची बरणी ठेवतो, पापड ठेवतो. भगिनींनो, डॉक्टरांना विचारून त्यात या गोळ्यांचीही भर घाला, आणि व्याह्यांना कारण सांगायला लाजू नका.