पाचव्या धावपटूचे गणित
अमेरिकी हायस्कुलातील क्रॉस कंट्री आणि घरच्या मार्गावरची प्रगती

धावण्याच्या शर्यतींची मराठी वाचकाला असलेली ओळख बहुधा दोन प्रकारांपुरती असते. एक म्हणजे मैदानावर आखलेल्या चारशे मीटरच्या धावमार्गावरील शर्यत आणि दुसरी रस्त्यावरची, जिला अंतर कितीही असले तरी महाराष्ट्रात सरसकट 'मॅरेथॉन' म्हटले जाते. क्रॉस कंट्री हा या दोहोंपासून वेगळा प्रकार असून त्यात गवताळ माळ, मातीची पायवाट, चढ, उतार आणि प्रसंगी चिखल यांवरून धावावे लागते. अमेरिकेतील हायस्कुलांमध्ये, म्हणजे नववी ते बारावीच्या शाळांमध्ये, हा शरद ऋतूतील प्रमुख खेळांपैकी एक आहे. ऑगस्टच्या उन्हात त्याचा सराव सुरू होतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळाशाळांतील शर्यती होतात आणि बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरमध्ये राज्य अजिंक्यपद स्पर्धेने हंगाम संपतो. या धावपळीत ज्या शाळेजवळ योग्य जागा असते तिच्या वाट्याला स्वतःच्या मार्गावरच्या एकदोन शर्यती येतात आणि त्यांना 'होम मीट', म्हणजे घरची स्पर्धा, म्हणतात. राज्य स्पर्धेच्या तुलनेत ही लहान असते आणि तिच्या निकालाची दखल गावाबाहेर क्वचितच घेतली जाते. तरीही संघाची खरी प्रगती तिथेच सर्वांत स्पष्ट दिसते, आणि ती पाहण्यासाठी पहिल्या आलेल्या मुलाइतकेच पाचव्या क्रमांकाच्या मुलाकडे लक्ष द्यावे लागते.

कागदाच्या कपट्यांपासून झेंड्यांपर्यंत

या खेळाचे मूळ इंग्लंडमधील निवासी शाळांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात श्रूझबरी आणि रग्बी येथील शाळांत मुले ससा आणि शिकारी कुत्री यांचे सोंग घेऊन धावत असत. 'ससा' झालेले एकदोघे कागदाचे कपटे टाकत पुढे जात आणि 'कुत्रे' झालेली बाकीची मुले त्या मागावरून शेते, कुंपणे आणि ओढे ओलांडत त्यांचा पाठलाग करत. रग्बी शाळेतील अशा दौडीचे वर्णन १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या कादंबरीत आले आहे. सशांच्या शिकारीसाठी पाळल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या जातीला 'हॅरियर' म्हणतात, आणि क्रॉस कंट्रीच्या धावपटूंना आजही त्याच नावाने ओळखले जाते, ही त्या जुन्या खेळाचीच खूण आहे.

शाळेच्या आवारातून हा खेळ क्लबांकडे गेला आणि १८७६ मध्ये लंडनजवळील एपिंग जंगलात इंग्लंडची पहिली राष्ट्रीय शर्यत योजण्यात आली. मात्र सर्वच धावपटू वाट चुकल्यामुळे ती रद्दबातल ठरवावी लागली आणि पहिला अधिकृत विजेता पुढच्या वर्षी, १८७७ मध्ये मिळाला. ऑलिंपिकमध्ये ही शर्यत १९१२, १९२० आणि १९२४ अशी तीनदाच झाली. १९२४ मध्ये पॅरिसच्या कडक उन्हात सुरुवात केलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम १५ जण शर्यत पूर्ण करू शकले, आणि फिनलंडच्या पावो नुर्मी यांनी जिंकलेल्या त्या शर्यतीनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळला गेला. अमेरिकेत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचला. मैदानी धावपटूंना शरद ऋतूत तयारीत ठेवण्यासाठी हार्वर्डसारख्या विद्यापीठांनी तो आधी स्वीकारला आणि नंतर हायस्कुलांनी त्याला आपलेसे केले. शाळांमधील नेहमीचे अंतर आज ५००० मीटर असले तरी काही ठिकाणी तीन मैल किंवा अडीच मैलांचे जुने मार्ग अजून टिकून आहेत.

कमी गुणांचा विजय

क्रॉस कंट्रीत प्रत्येक जण एकटा धावतो, पण निकाल संघाचा लागतो, आणि त्याचे गणित समजल्याशिवाय या खेळातील प्रगतीची कल्पना येत नाही. मुख्य शर्यतीत, जिला 'व्हर्सिटी' म्हणजे शाळेच्या पहिल्या फळीची शर्यत म्हणतात, प्रत्येक शाळेचे सामान्यतः सात धावपटू उतरतात आणि त्यांतील पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज म्हणजे संघाचे गुण होत. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो, म्हणून पहिले पाचही क्रमांक एकाच शाळेने पटकावले तर तिचे गुण १५ होतात आणि यापेक्षा चांगला निकाल शक्य नसतो. दोन शाळांच्या लढतीत एका शाळेचे सातही जण प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे राहिले, तर दुसऱ्या शाळेला आठ ते बारा हे क्रमांक मिळून तिची बेरीज ५० होते. १५ विरुद्ध ५० हा या खेळातील एकतर्फी विजयाचा नेहमीचा आकडा आहे.

सहाव्या आणि सातव्या धावपटूचे गुण धरले जात नाहीत, परंतु प्रतिस्पर्धी संघाच्या पाचव्या धावपटूच्या आधी पोहोचले तर ते त्या संघाचे क्रमांक मागे ढकलतात, आणि म्हणून त्यांना 'ढकलणारे' म्हणता येईल. एका काल्पनिक लढतीवरून हे स्पष्ट होईल. पाहुण्या शाळेचे दोन तेजस्वी धावपटू पहिला आणि दुसरा क्रमांक घेतात, पण तिचे पुढचे तिघे नववा, अकरावा आणि बारावा येतात, त्यामुळे तिची बेरीज ३५ होते. यजमान शाळेचे पाच जण तिसऱ्यापासून सातव्या क्रमांकापर्यंत एकापाठोपाठ एक येतात आणि २५ गुणांनी जिंकतात. यजमानांचे सहावा आणि सातवा हे धावपटू आठवे आणि दहावे आले आहेत. त्यांचा स्वतःचा एकही गुण धरला गेला नसला, तरी ते नसते तर पाहुण्यांची बेरीज ३० वर थांबली असती, म्हणजे या दोघांनी मिळून प्रतिस्पर्ध्यांच्या माथी पाच गुण मारले आहेत. लढतीचा पहिला मान पाहुण्यांकडे गेला, आणि लढत मात्र यजमानांनी जिंकली.

पाचव्या धावपटूचे महत्त्व यातूनच येते. शर्यतीच्या अग्रभागी धावपटू विरळ असतात, त्यामुळे पहिल्या मुलाने आपली वेळ वीस सेकंदांनी सुधारली तरी त्याचा क्रमांक फार तर एकदोनने वर जातो. मधल्या भागात मात्र जथा दाट असतो आणि तेवढ्याच वीस सेकंदांत पाचवा धावपटू कितीतरी जणांना मागे टाकू शकतो. म्हणून प्रशिक्षक निकालपत्रक हाती येताच संघाचा पहिला आणि पाचवा यांच्या वेळांतील अंतर काढतात, ज्याला 'स्प्रेड' म्हणतात, आणि हे अंतर आठवड्यागणिक कमी होत गेले तर संघ पुढे सरकतो आहे असे मानतात.

घरचा मार्ग ही मोजपट्टी

मैदानी शर्यतीत वेळेची तुलना सोपी असते, कारण चारशे मीटरचा धावमार्ग कुठल्याही शहरात तेवढाच असतो. क्रॉस कंट्रीत तसे होत नाही. एका मार्गावर दोन टेकड्या लागतात, दुसरा सपाट असतो, तिसऱ्यावर आदल्या रात्रीच्या पावसाने पाय रुततो, आणि त्यामुळे एकाच मुलाच्या एकाच महिन्यातील दोन वेळांत मिनिटाचाही फरक पडू शकतो. याच कारणाने या प्रकारात अधिकृत जागतिक विक्रम नोंदवले जात नाहीत, आणि तुलना करायचीच असेल तर ती एकाच मार्गावरील वेळांची करावी लागते.

इलिनॉय राज्यातील पिओरिया शहराच्या डेटवायलर पार्कमधील तीन मैलांचा मार्ग याचे ठळक उदाहरण आहे. १९७२ च्या राज्य स्पर्धेत क्रेग व्हर्जिन या हायस्कूल विद्यार्थ्याने तेथे १३ मिनिटे ५०.६ सेकंदांची वेळ दिली आणि पुढे १९८० व १९८१ मध्ये त्यांनी जागतिक क्रॉस कंट्री अजिंक्यपद जिंकले. त्यांची ती शालेय वेळ २०१९ पर्यंत, म्हणजे ४७ वर्षे, त्या मार्गावर अबाधित राहिली. त्यामुळे मुलांच्या कित्येक पिढ्यांना आपण नेमके कुठे आहोत हे एका आकड्याशी ताडून पाहता आले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील व्हॅन कोर्टलंड पार्कचा जुना मार्ग त्या शहरातील शाळांसाठी हेच काम करतो.

घरचा मार्ग ही प्रत्येक शाळेची अशीच स्वतःची, लहानशी मोजपट्टी असते. नववीत पहिल्यांदा धावलेली मुलगी दहावीत, अकरावीत आणि बारावीत त्याच वळणांवरून, त्याच चढावरून धावते, आणि तिच्या चार वर्षांच्या वेळा प्रशिक्षकांच्या वहीत एकाखाली एक मांडलेल्या असतात. वैयक्तिक सर्वोत्तम वेळेला धावपटू थोडक्यात 'पीआर' म्हणतात, आणि अनुभवी प्रशिक्षक सपाट मार्गावर मिळालेल्या पीआरपेक्षा घरच्या मार्गावरच्या पीआरवर अधिक विश्वास ठेवतात. तुलना करताना त्यांना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. सप्टेंबरमधील उकाडा ऑक्टोबरमध्ये ओसरला की वेळा आपोआप सुधारतात, त्यामुळे यंदाच्या घरच्या स्पर्धेची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यातील स्पर्धेशी केली तरच तिला अर्थ राहतो.

मार्गाची मांडणी

घरची स्पर्धा भरवणे हे यजमान संघाचे आणि पालकांचे मोठे काम असते. आदल्या दिवशी चाकाच्या मोजणी यंत्राने अंतर तपासले जाते, गवतावर रंगाची रेघ ओढली जाते आणि वळणावळणावर झेंडे रोवले जातात. प्रचलित संकेतानुसार लाल झेंडा दिसला की डावीकडे वळायचे, पिवळा दिसला की उजवीकडे, आणि निळा दिसला की सरळ जायचे. एपिंगच्या जंगलात १८७६ साली जे घडले ते टाळण्यासाठीची ही व्यवस्था होय. प्रारंभरेषेवर प्रत्येक शाळेसाठी रंगाने चौकट आखलेली असते आणि सर्व संघ एकाच वेळी सुटतात. पहिल्या शंभर मीटरच्या आत धक्क्याने कोणी पडले तर पंच पुन्हा बार काढून सर्वांना मागे बोलावतात, कारण रुंद मैदानातून अरुंद पायवाटेत शिरण्याच्या घाईत तिथेच सर्वांत मोठी रेटारेटी होते.

अंतिम रेषेपलीकडे दोरांची एक निमुळती गल्ली असते, जिला 'शूट' म्हणतात. इलेक्ट्रॉनिक चिप येण्यापूर्वी धावपटूंना आले त्या क्रमानेच या गल्लीतून चालवले जाई, तिच्या टोकाशी स्वयंसेवक प्रत्येकाच्या छातीवरील क्रमांकपट्टीचा खालचा तुकडा फाडून तारेत ओवत जाई, आणि त्या तारेतील कागदांचा क्रम हाच निकाल असे. दमलेल्या मुलांना रेषेनंतर ओळ सोडू न देणे हे म्हणूनच फार जोखमीचे काम मानले जाई. बऱ्याच लहान शाळांतून ही पद्धत अजून पुरती गेलेली नाही.

संघ कसा घडतो

सातच जण मुख्य शर्यतीत धावत असले तरी या खेळात राखीव बाकावर बसून राहणे जवळजवळ नसते, कारण उरलेल्यांसाठी दुसऱ्या फळीच्या आणि नववीच्या मुलांच्या वेगळ्या शर्यती असतात. शिकागोजवळील एल्महर्स्ट येथील यॉर्क हायस्कूलचे प्रशिक्षक जो न्यूटन यांनी याच तत्त्वावर संघ उभारला. त्यांच्या कारकिर्दीत शाळेने मुलांच्या क्रॉस कंट्रीची २८ राज्य अजिंक्यपदे मिळवली, आणि तरीही निवडक मुलांना वेगळे न काढता शंभराहून अधिक मुलांचा संघ ते बाळगत आणि प्रत्येकाशी हस्तांदोलन करत. २०१७ मध्ये निधन पावलेल्या न्यूटन यांची १९८८ च्या सोल ऑलिंपिकसाठी अमेरिकी संघाच्या प्रशिक्षकवर्गात निवड झाली होती. संघ मोठा ठेवण्यामागे हिशेब असतो, कारण पाचव्या जागेसाठी दहा मुले झटत असतील तर ती जागा आपोआप बळकट होते.

कॅलिफोर्नियातील मॅकफार्लंड या शेतीवर जगणाऱ्या लहान गावाचे उदाहरण निराळ्या परिस्थितीतले आहे. तेथे प्रशिक्षक जिम व्हाइट यांनी मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या शेतमजूर कुटुंबांतील मुलांचा संघ बांधला. १९८७ मध्ये राज्याने पहिल्यांदा क्रॉस कंट्री अजिंक्यपद भरवले तेव्हा या संघाने आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले आणि पुढील काळात एकूण नऊ विजेतेपदे जिंकली. २०१५ मध्ये त्यावर 'मॅकफार्लंड, यूएसए' हा चित्रपट निघाला. पहाटे शेतात राबून शाळेत आणि मग सरावाला येणाऱ्या मुलांचा हा संघ एखाद्या असामान्य धावपटूच्या जोरावर मोठा झाला नाही. साधारण सारख्या ताकदीच्या मुलांनी जथा न मोडता धावण्यावर तो उभा होता.

मुलींच्या प्रगतीची मोजणी मात्र अधिक जपून करावी लागते. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा 'टायटल नाइन' कायदा १९७२ मध्ये झाल्यानंतर अमेरिकी शाळांत मुलींचे संघ झपाट्याने वाढले. परंतु वाढत्या वयात शरीर बदलत असताना मुलींच्या वेळा वर्षभर थांबणे किंवा मागे जाणे स्वाभाविक असते, आणि या टप्प्यावर वजन घटवून वेग मिळवण्याचा मोह घातक ठरतो. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार अपुरा पडल्यास हाडे, पाळी आणि प्रतिकारशक्ती यांवर परिणाम होतो. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये 'सापेक्ष ऊर्जा-न्यूनता' या अर्थाचे नाव दिले. अशा वर्षी वहीतील आकडा खाली आला नाही तरी मुलगी निरोगी राहून धावत राहिली, हीच प्रगती समजावी लागते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांचा या खेळाशी संबंध शाळेतच येतो, तर महाराष्ट्रातील तरुणांना त्याची वाट पुष्कळदा सैन्यदलातून सापडते. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी सैन्यात दाखल झाल्यावर आधी क्रॉस कंट्रीत धाव घेतली, मग ते ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायच्या शर्यतीकडे वळले, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. चढउतारांवर कमावलेला दम मैदानावरही कामी येतो याचा हा जवळचा दाखला आहे.

तथापि हायस्कुलात धावणारी बहुसंख्य मुले पुढे पदकापर्यंत जात नाहीत आणि त्यांच्या धावण्याची नोंद घरच्या स्पर्धेच्या निकालपत्रकापुरतीच राहते. त्या पत्रकात विजेत्याचे नाव सर्वांत वर असते. यजमान शाळेचे प्रशिक्षक मात्र ते ओलांडून आपल्या शाळेच्या नावांवर खुणा करत खाली जातात, पाचव्या खुणेपाशी थांबून तिची वेळ गेल्या वर्षीच्या वहीशी ताडून पाहतात आणि त्यानंतरच पुढच्या आठवड्याचा सराव ठरवतात.