नाशिक ते नागपूर: विमान हवेत तासभर, पण तुमचे किती तास जातात?

आजचा प्रश्न एका श्रोत्याने व्हॉइस नोटवर पाठवलाय. नागपूरला सकाळी 11 वाजता इंटरव्ह्यू आहे. नाशिकहून त्याच दिवशी सकाळचं विमान पकडलं तर जमेल का?

आधी अंतर बघू. ओझर विमानतळ ते नागपूरचं सोनेगाव विमानतळ, हे सरळ रेषेत साधारण 545 किलोमीटर भरतं. रेल्वेने हेच अंतर साडेसहाशेच्या आसपास जातं, कारण गाडी मनमाड, भुसावळ, अकोला असा वळसा घेते.

आता वेळ. अशा मार्गांवर बऱ्याचदा एटीआर हे पंख्याचं विमान असतं. मोठं जेट ताशी 800 च्या वर जातं, एटीआर साधारण 500 ने. म्हणजे सरळ भागाकार केला तर 65 मिनिटं. मग तिकिटावर दीड-पावणेदोन तास का दिसतात?

कारण तिकिटावरची वेळ फक्त उडण्याची नसते. विमान पार्किंगमधून हललं की घड्याळ सुरू, नागपूरला पार्किंगमध्ये थांबलं की बंद. रनवेपर्यंत जाणं, परवानगीची वाट बघणं, वर चढताना आणि खाली उतरताना कमी झालेला वेग, सगळं त्यात येतं. वाऱ्याचाही हात असतो. ताशी 50 चा वारा पाठीमागून आला तर अंतर तासाभरात कापलं जातं, समोरून आला तर 73 मिनिटं लागतात.

आता घरापासून हिशोब करू. हे माझे अंदाजी आकडे आहेत, तुम्ही तुमचे टाका:

- नाशिक शहरातून ओझर: 45 मिनिटं
- विमानाच्या दीड तास आधी पोहोचणं: 90 मिनिटं
- तिकिटावरची वेळ: 100 मिनिटं
- उतरून बॅग घेणं: 25 मिनिटं
- नागपूर शहरात पोहोचणं: 30 मिनिटं

बेरीज 290 मिनिटं, म्हणजे जवळपास पाच तास! त्यातला हवेतला वेळ पाव हिश्श्याच्या आसपास. सिन्नरमार्गे समृद्धी महामार्गाने कारने गेलात तर सात-आठ तास धरा. म्हणजे विमानाने वाचतात दोन-तीन तास. कमी नाहीत, पण तिकिटाकडे बघून वाटतात तेवढेही नाहीत.

आता त्या इंटरव्ह्यूचं. समजा विमान सकाळी 8 ला आहे. 9:40 ला उतरलात, 10:05 ला बाहेर, 10:35 ला शहरात. हातात उरली 25 मिनिटं. हिवाळ्यात धुक्यामुळे अर्धा तास उशीर झाला की संपलं.

आणि खरी गोम पुढे आहे. मुंबई-दिल्लीचं एक विमान रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळू शकतं. छोट्या विमानतळांवरच्या मार्गांवर दिवसाला एखादंच विमान असतं, कधी तर आठवड्यातले ठरावीक दिवसच. म्हणून तिकीट काढताना किलोमीटर आणि मिनिटं नंतर बघा. आधी हे बघा, की हे विमान चुकलं तर पुढचं कधी आहे?

त्यामुळे मित्रा, माझं उत्तर सरळ आहे: विमानाने जा, पण आदल्या दिवशी. तेवढ्यासाठी एका रात्रीच्या लॉजचा खर्च जड वाटत असेल, तर आदल्या संध्याकाळी निघणाऱ्या रेल्वेची वेळ तपासून बघ. फिरायला जाताना उशीर चालतो. ज्या कामाला दुसरी तारीख मिळत नाही, तिथे नाही.

ऑल द बेस्ट! भेटू पुढच्या भागात.