तेल्या तगतो तो डिंकावर

डाळिंबाच्या पानावर तेलकट ठिपका दिसला की सांगोला-आटपाडीकडे पहिला प्रश्न येतो, ‘आता काय मारायचं?’ प्रश्न रास्त आहे, पण उशिराचा आहे. ठिपका उमटेपर्यंत तेल्या रोगाच्या जिवाणूची वस्ती बसलेली असते.

हा जिवाणू झँथोमोनास प्रजातीतला. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो पानावर येतो, ओल्या पानावरून एकाच शेपटीच्या बळावर पोहत पर्णरंध्र गाठतो. चिकटून बसला की लांबलचक साखळीची एक शर्करा स्रवतो. हजारो पेशी त्या डिंकात एकत्र राहतात, हीच बायोफिल्म. डिंक पाणी धरून ठेवतो, म्हणून उन्हात जिवाणू सुकत नाहीत. फवारलेलं औषधही आतल्या पेशींपर्यंत पुरतं पोचत नाही.

हा डिंक आपल्या खाण्यातही असतो! कोबी कुजवणाऱ्या झँथोमोनासपासून तो अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स यांच्या गटाने मिळवला. १९६९ मध्ये खाद्यपदार्थांसाठी त्याला तिथे मान्यता मिळाली. आइस्क्रीमच्या वेष्टनावर ‘झँथन गम’ लिहिलेलं असतं, ते हेच.

लिंबावरच्या खैऱ्या रोगाचा जिवाणू तेल्याचा अगदी जवळचा भाऊ. त्याचं डिंक बनवणारं जनुक निकामी केलं, तेव्हा त्याला धड बायोफिल्म बांधता येईना आणि पानावर तग धरणंही जड गेलं. कोबीवरच्या जिवाणूची गोष्ट तर याहून विलक्षण. गर्दी वाढली की त्याच्या पेशी एक स्निग्धाम्ल सोडतात. त्या इशाऱ्यावर बायोफिल्म मोडणारं विकर तयार होतं, पेशी सुटतात आणि पसरायला मोकळ्या होतात.

म्हणून ठिपके दिसल्यावर औषधाची मात्रा दुप्पट करणं मला पटत नाही. त्यात पैसा जातो आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू पोसले जातात. फ्लोरिडातल्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. डी-ल्युसिनसारखी, बायोफिल्म बांधू न देणारी संयुगं त्यांनी लिंबूवर्गीय झाडांवर फवारली, तेव्हा खैऱ्या कमी झाला आणि तांबेयुक्त औषधाचा परिणाम वाढला.

बागेत आज हाती आहे ते असं: बागेचं पाणी तोडलेल्या ताणाच्या काळात डागाळलेल्या फांद्या डागाच्या खालून छाटायच्या, गळालेली पानं-फळं वेचून जाळायची, बोर्डो मिश्रण डाग दिसण्याआधीच फवारायचं. जिथे तेल्या दरवर्षी येतो, तिथे पावसात सापडणारा मृग बहार सोडून हस्त बहार धरायचा.