पहिली मधपेटी घरी येते तेव्हा

महाबळेश्वरजवळच्या मांघर गावात घरोघरी मधपेट्या आहेत. 2022 साली ते देशातील पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. तिथली सातेरी माशी डोंगरातल्या जंगलावर जगते. मराठवाड्यातल्या नळदुर्गच्या शिवारात हिशेब वेगळा: तूर, करडई, सूर्यफूल, बाभूळ, कडुनिंब यांचा फुलोरा कधी येतो, हे पाहूनच पेटी आणावी.

पेटी रात्री हलवतात. दिवस मावळल्यावर कामकरी माश्या परततात. मग दारावर जाळी लावून, चौकटी हलणार नाहीत अशा घट्ट बसवून प्रवास करायचा.

जागा सावलीची हवी, पाणी जवळ हवे. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पोळे थंड ठेवण्यासाठी माश्या पाणी वाहून आणतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत.

पहिले काही दिवस पेटी सारखी उघडू नये. नंतर पाहायचे ते राणीने घातलेली अंडी. अंडी दिसली, म्हणजे राणी नुकतीच कामावर होती. फुलोरा संपला की साखरेचा पाक द्यावा.

शेजारच्या शेतकऱ्यांशी मात्र आधीच बोलून ठेवावे. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा. फवारणी अटळच असेल तर ती संध्याकाळी करा.