भूखंड पाडण्यापूर्वी : निवासी रेखांकनाची आखणी आणि कंत्राट

तालुक्याच्या गावाला लागून असलेली पाच एकर शेतजमीन बिनशेती होते, तिचे भूखंड पडतात, हद्दीचे दगड रोवले जातात आणि काही वर्षांत तेथे ऐंशी-नव्वद घरांची वस्ती उभी राहते, हे दृश्य महाराष्ट्रात सर्वत्र परिचयाचे आहे. शिक्षक, नोकरदार, निवृत्त कर्मचारी आणि गावातून शहराकडे सरकलेला शेतकरी यांच्या आयुष्यभराच्या बचतीचा मोठा वाटा अशा भूखंडात गुंतलेला असतो. घर बांधून झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात दारापर्यंत चिखल येतो, सांडपाण्याला वाट सापडत नाही आणि नळाच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीचे उंबरे झिजवावे लागतात. आपण विकत घेतली ती वसाहत नसून जमिनीचा केवळ एक तुकडा होता, हे त्या कुटुंबाला तेव्हा उमगते.

गुंठेवारीचा अनुभव याहून वेगळा नाही. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. शेताचे असे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे मंजुरीवाचून विकले गेल्यामुळे महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम, २००१ करावा लागला. १ जानेवारी २००१ ही त्यातील मर्यादा २०२१ च्या सुधारणेने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. नियमाधीन झाल्याने घर पाडले जाण्याची चिंता मिटते. परंतु सहा फुटांच्या बोळात गटाराची वाहिनी टाकण्यास जागा काही निर्माण होत नाही. ती जागा भूखंड पाडण्यापूर्वीच राखावी लागते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या संज्ञेत जमिनीच्या उपविभागणीचाही समावेश आहे, तो याच कारणाने. वीट न रचताही, केवळ रेखांकन करणे हेच परवानगीचे काम ठरते. रेखांकनास प्रथम तात्पुरती मान्यता, नंतर भूमी अभिलेख खात्याकडून जागेवर मोजणी आणि त्यानंतर अंतिम मान्यता, हा रूढ क्रम आहे. घाईने मधला टप्पा केवळ कागदावर उरकला गेला, तर नकाशातील ९ मीटर रुंदीचा रस्ता जागेवर सात मीटरच भरतो आणि पुढील तंटे त्यातूनच उभे राहतात.

आधी सोयी, मग भूखंड, हा विचार आपल्याकडे जुना आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधारणा विश्वस्त मंडळाने दादर-माटुंगा परिसर वसविताना सखल जमिनीवर भराव घालून रस्ते व गटारे केली आणि घरबांधणीसाठी भूखंड भाडेपट्ट्याने दिले. आज तेथील रस्त्यांची प्रशंसा होते. त्यांच्या खालच्या गटारांची सहसा कोणी करीत नाही.

पाण्याची वाट आणि जमिनीचा पोत

आखणीची सुरुवात भूखंडांच्या संख्येने न होता जमिनीच्या उतारापासून झाली पाहिजे. दोन हेक्टर क्षेत्रावर तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच लाख लिटर पाणी जमते. शेत असताना त्यातील बराच भाग मातीत मुरे. छपरे आणि रस्ते झाल्यावर ते वाहू लागते व जुनी वाट शोधते. ती वाट म्हणजे बहुधा शेताच्या कडेचा एखादा ओहोळ असतो आणि चार भूखंड वाढविण्यासाठी नेमका तोच बुजविला जातो. समपातळी रेषा दाखविणारा नकाशा हाती असल्यावाचून रस्त्यांची रेघ ओढू नये. गटार उताराने वाहते, नकाशाच्या सौंदर्याने नव्हे. दोनशेस एक असा उतार धरला, तरी दोनशे मीटरच्या गटाराला शेवटी एक मीटर खोली अधिक लागते. शेवटचा नाला तेवढा खाली आहे काय, हे प्रथम पाहावे.

जमिनीचा पोत हा दुसरा प्रश्न. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिच्यावर थेट खडी पसरलेला रस्ता एक-दोन पावसाळ्यांत खचतो. ती माती आवश्यक तेवढ्या खोलीपर्यंत काढून मुरूम भरावा लागतो. उलट, माळरानावर हातभर खणताच काळा पाषाण लागण्याचा संभव असतो. यासाठी जागोजागी चाचणी खड्डे घेण्याचा खर्च किरकोळ असतो. तो वाचविण्याची किंमत पुढे कंत्राटात मोजावी लागते.

दोन हेक्टरांपैकी दहा टक्के खुली जागा आणि सुमारे पाव क्षेत्र रस्त्यांसाठी गेले, तर दीडशे चौरस मीटरचे ८० ते ८५ भूखंड निघतात. म्हणजे सुमारे सव्वाचारशे माणसे. जल जीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटर या प्रमाणाने त्यांना रोज २३ हजार लिटरांहून अधिक पाणी हवे. शहरी १३५ लिटरांच्या प्रमाणाने ५७ हजार. त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. हा आकडा ग्रामपंचायतीच्या ठरावात दिसला पाहिजे.

रस्ते रुंद आणि भूखंड ऐसपैस म्हणजे आखणी उत्तम, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. काटकोनी, रुंद रस्ते आणि सुटी घरे यांमुळे नवी गावठाणे जुन्या दाट वस्तीच्या कितीतरी पट पसरली. भिंतीखाली माणसे गाडली गेल्याच्या आठवणीपुढे मोकळी जागा हवीशी वाटणे स्वाभाविकच होते. पण जलवाहिन्या, गटारे आणि रस्ते यांची लांबीही त्याच प्रमाणात वाढली आणि त्यांच्या देखभालीचा भार मर्यादित उत्पन्नाच्या ग्रामपंचायतींवर आला.

कंत्राटात काय असावे

सार्वजनिक बांधकाम विभागात टक्केवारी दराची ‘बी-१’ आणि बाबनिहाय दराची ‘बी-२’ अशा निविदा प्रचलित आहेत. खाजगी जमीनमालक वा गृहनिर्माण संस्था मात्र पुष्कळदा एका कागदावर एकरकमी आकडा लिहून काम देतात. जमिनीखालच्या कामास ही पद्धत घातक ठरते. खोदाई मुरमात धरली आणि खडक लागला, तर एकरकमी दर घेतलेला कंत्राटदार बहुधा वाहिनीची खोली कमी करतो. वरून माती पडली की कोणाला दिसत नाही. म्हणून माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांतील खोदाईचे दर वेगवेगळे असावेत आणि देयक प्रत्यक्ष मोजमापावर द्यावे. झाकले जाणारे प्रत्येक काम झाकण्यापूर्वी कंत्राटदाराने लेखी सूचना द्यावी, अभियंत्याने ते पाहून मोजमाप पुस्तिकेत नोंदवावे. सूचनेशिवाय झाकलेले काम कंत्राटदाराच्या खर्चाने उघडावे, ही अट वगळू नये.

कामाचा क्रमही करारातच लिहावा. सर्वांत खोल असलेली मलवाहिनी आधी, मग तिच्यापासून अंतर राखून व वरच्या पातळीवर जलवाहिनी, त्यानंतर पावसाळी गटारे व मोऱ्या, आणि शेवटी रस्ता. रस्ता ओलांडणाऱ्या नळजोडण्यांसाठी दर दोन भूखंडांमागे एक रिकामी नळी आधीच टाकून ठेवावी. एवढे केले नाही, तर प्रत्येक नवे घर रस्त्यास एक नवा चर पाडते. जलवाहिनीची दाबचाचणी चर बुजविण्यापूर्वी व्हावी. चर एकदम न भरता थराथराने, पाणी मारून व ठोकून भरावेत. खडीकरणाची जाडी रोलर फिरल्यानंतर मोजावी, कारण शंभर मिलिमीटर सुटी खडी दबल्यावर पंचाहत्तरच्या आसपास उरते आणि वाद नेमका या पंचवीस मिलिमीटरांचा असतो.

सुरक्षा अनामत काम पूर्ण झाल्याच्या दिवशी परत करू नये. दोषदायित्व कालावधीत किमान एक पूर्ण पावसाळा यावा, हे उत्तम. गटाराची खरी चाचणी पाऊसच घेतो. ५०० चौरस मीटरहून अधिक क्षेत्राच्या रेखांकनाचे भूखंड विक्रीस काढणाऱ्या प्रवर्तकास स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठीच वापरावी लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत काम वा सेवांमधील दोष निदर्शनास आणल्यास तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी प्रवर्तकाची असते. भूखंड घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हे ठाऊक असते. गावातील शिक्षकाने ग्रामसभेत एवढे वाचून दाखविले, तरी पुष्कळ काम होईल.

राहिला हस्तांतरणाचा भाग. रस्ते आणि खुली जागा मंजूर नकाशात सार्वजनिक असतात; सात-बारावर मात्र अनेक ठिकाणी मूळ मालकाचेच नाव वर्षानुवर्षे राहते. पुढे वारस येतात आणि मुलांच्या खेळाच्या जागेवर एके दिवशी कुंपण पडते. काम पूर्ण होताच ग्रामपंचायतीने किंवा नगरपरिषदेने अभियंत्यासह पाहणी करावी, वाहिन्या प्रत्यक्षात कोठे व किती खोल आहेत हे दाखविणारा नकाशा दप्तरी घ्यावा, रीतसर हस्तांतरण पत्र करून घ्यावे आणि तलाठ्याकडे फेरफाराची नोंद लावून घ्यावी. या नोंदीचा उतारा हाती येईपर्यंत अनामतीचा शेवटचा हप्ता आणि प्रवर्तकाचा पूर्णत्वाचा दाखला राखून ठेवण्याची अट मंजुरीच्या आदेशातच घालता येते.